रानगुलाबाच्या पतंगासाठी घेतलेला स्किनर सापळा: एका इलेक्ट्रिशियनचा अभिप्राय

दिव्याचा हा सापळा ज्या पतंगासाठी घेतला त्याच्याबद्दल आधी सांगते, कारण माझं बरंवाईट मत सगळं त्याच्यावरून ठरलेलं आहे. इथे इंग्लंडमध्ये त्याला रोझ प्लूम म्हणतात. शास्त्रीय नाव निमिडोफोरस ऱ्होडोडॅक्टिला. तुरीच्या शेंगा पोखरणारा पिसारी पतंग आपल्याकडच्या शेतकऱ्याला चांगलाच माहीत असतो, हा त्याच कुळातला. पुढचा पंख दोन पात्यांत चिरलेला, मागचा तीन पात्यांत, आणि बसला की पंख आडवे ताणून इंग्रजी टी अक्षरासारखा दिसतो. तुरीवरचा मातकट असतो, हा विटकरी तांबूस, पंखावर पांढुरका आडवा पट्टा. पंख पसरले तरी दोन-अडीच सेंटीमीटरच्या आतबाहेर. त्याची अळी रानगुलाबाच्या कळ्या आणि फुलं खाते. ब्रिटनमध्ये तो फार थोड्या जागी उरला आहे, त्यातल्या बऱ्याचशा आग्नेय इंग्लंडमधल्या. मी त्याच भागातल्या केंटमध्ये राहते. आपल्या अंगणाच्या टप्प्यात असलेला, इतका देखणा आणि इतका दुर्मीळ जीव एकदा तरी डोळ्यांनी पाहायचा, एवढ्यासाठी मी पैसे मोडले.

मी व्यवसायाने इलेक्ट्रिशियन आहे. माहेर लातूरकडचं, शेतकऱ्याचं. ह्या दोन्ही गोष्टी पुढे कामाला आल्या, म्हणून सांगितल्या.

घेतला तो स्किनर पद्धतीचा सापळा, २० वॉटच्या ॲक्टिनिक, म्हणजे अतिनील उजेड देणाऱ्या ट्यूबचा. बनवणाऱ्याचं नाव देत नाही. ही रचना अनेकजण बनवतात आणि माझ्या तक्रारी त्यातल्या बऱ्याच जणांच्या मालाला लागू होतील. किंमत दोनशे पौंडांच्या आत होती. ज्यांनी असा सापळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: चौकोनी खोका, वरून आत उतरत्या लावलेल्या दोन पारदर्शक ॲक्रिलिक फळ्या, त्या दोघींच्या मध्ये अरुंद फट, फटीच्या वर आडव्या पट्टीवर दिवा. पतंग दिव्याकडे येतो, फळीवर आपटतो, घसरत फटीतून खाली जातो. खोक्यात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवायचे. पतंग त्यांच्या खोबणीत शिरून शांत बसतो आणि सकाळी आपण एकेक ट्रे उचलून पाहतो. पाहून झालं की सोडून द्यायचं. आमच्याकडे कृषी विद्यापीठं सांगतात तो प्रकाश सापळा मारायला असतो, खाली रॉकेल मिसळलेल्या पाण्याचं घमेलं, वळवाच्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे त्यात पडतात. इथला सापळा मोजायला असतो. एकही पतंग मरता कामा नये, ही पहिली अट.

तीन प्रकार बाजारात दिसतात. रॉबिन्सन सापळा गोल, मोठा, १९५० च्या सुमारास रॉबिन्सन बंधूंनी काढलेला. आत गेलेला पतंग सहसा बाहेर येत नाही, पण तो धूड एकटीने उचलून शेताच्या कडेला नेणं कठीण. हीथ सापळा छोटा, जॉन हीथ यांनी साठच्या दशकात बॅटरीसाठी बनवलेला, पाठपिशवीत बसतो. स्किनर मधला. त्यातून काही पतंग रात्रीत निसटतात हे खरं आहे. मला मात्र त्याचा एक गुण सगळ्यांत मोलाचा वाटला: दिवा चालू असताना एक फळी उचलून आत पाहता येतं. बारीक पतंग पहाटेपर्यंत थांबत नाहीत, त्यांना रात्रीच गाठावं लागतं. रॉबिन्सनमध्ये तेवढ्यासाठी सगळा डोलारा उतरवावा लागतो.

आता वायरिंग. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पतंग पाहणारी मंडळी दिव्याच्या वॉटवर तास न् तास बोलतात आणि प्लगकडे बघत नाहीत.

आलेल्या प्लगमध्ये १३ अँपिअरचा फ्यूज होता. दिवा २० वॉटचा. २३० व्होल्टला हा भार अँपिअरचा दहावा हिस्सासुद्धा नाही. प्लगमधला फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि एवढ्या पातळ वायरीला १३ अँपिअर म्हणजे तिची राखण कोणीच करत नाही असं समजा. मी घरी आणल्या आणल्या ३ अँपिअरचा घातला, तुम्हीही घाला, काही पेन्सांचं काम आहे. दुसरं, चोकची पेटी खोक्याच्या बाहेरच्या अंगाला लावलेली होती आणि वायर जिथून आत शिरते तिथली ग्लँड, म्हणजे वायर घट्ट धरणारं बूच, हाताने फिरत होती. गवतावर रात्रभर दव पडतं, इथल्या उन्हाळ्यातही पडतं. ग्लँड आवळली, वायरीला खाली एक वळसा दिला, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आलं तरी वळशाच्या तळाशी टपकून जातं आणि पेटीत शिरत नाही. तिसरं, खोक्याच्या तळाला पाणी निघायला भोकंच नव्हती. ड्रिलने चार कोपऱ्यांत पाडली आणि आतून बारीक जाळी चिकटवली, नाहीतर मुंग्या आणि गोमा वर येतात. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: बाहेरचा सॉकेट ३० मिलिअँपिअरच्या आरसीडीवर, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, असलाच पाहिजे. जुन्या घरांत नसतो. नसेल तर प्लगमध्ये लावायची आरसीडी मिळते, तिच्याशिवाय ओल्या गवतावर विजेचं काहीही ठेवू नका. ह्यात मी कुणाचंही ऐकून घेत नाही.

दिव्याबद्दल मात्र तक्रार नाही. ॲक्टिनिक ट्यूबचा प्रकाश डोळ्यांना फिकट निळसर दिसतो, कारण त्याची खरी ताकद ३७० नॅनोमीटरच्या आसपास, अतिनील पट्ट्यात असते. ते आपल्याला दिसत नाही, पतंगांना दिसतं. पूर्वी सगळे १२५ वॉटचा मर्क्युरी व्हेपर दिवा लावत. त्याला जास्त पतंग येतात, यात वाद नाही. पण तो दिवा तापतो इतका की पावसाचा थेंब पडला तर काच तडकते, एकदा विझला की गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही, आत पारा, आणि आख्ख्या गल्लीला कळतं की तुमच्या परसात काहीतरी चाललं आहे. माझ्या २० वॉटच्या ट्यूबबद्दल शेजाऱ्यांनी अवाक्षर काढलेलं नाही. तरीही जवळ बसून ट्यूबकडे टक लावून पाहू नका. फळी उचलताना साधा अतिनील अडवणारा चष्मा घाला.

एलईडी का नाही घेतला, हे बऱ्याच जणांनी विचारलं. जर्मनीत येना विद्यापीठात काम करणाऱ्या गुनार ब्रेहम यांनी २०१७ साली लेपीएलईडी नावाचा दिवा मांडला, त्यात अतिनील, निळे, हिरवे आणि पांढरे असे वेगवेगळे एलईडी एकत्र बसवले आहेत आणि तो पॉवर बँकेवर चालतो. विजेच्या हिशेबाने ती फार उत्तम वस्तू आहे आणि डोंगरात जाणाऱ्याने तीच घ्यावी. मला परसात प्लग होता आणि खोका हवा होता, म्हणून ट्यूब घेतली. मात्र ऑनलाइन दुकानांत 'यूव्ही' म्हणून खपणाऱ्या जांभळट एलईडीच्या माळा ३९५ ते ४०० नॅनोमीटरच्या असतात. त्या पार्टीत पांढरे कपडे चमकवायला ठीक आहेत, पतंगांसाठी त्यांवर पैसे घालू नका. तरंगलांबी छापलेली नसेल तर विक्रेत्याला विचारा. त्याला सांगता आली नाही, तर दुसरीकडे बघा.

पतंग दिव्याकडे का येतात यावर माझ्या लहानपणापासून मी चंद्राची गोष्ट ऐकत आले होते, की ते दिव्यालाच चंद्र समजतात. २०२४ च्या जानेवारीत नेचर कम्युनिकेशन्समध्ये सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं संशोधन आलं, त्यात वेगवान कॅमेऱ्याने उडणारे किडे टिपले आहेत. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा उजळ असतं, म्हणून उडणारा कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवतो आणि त्यावरून वर काय, खाली काय हे ठरवतो. जवळ दिवा आला की तो पाठ दिव्याकडे वळवत राहतो, आणि म्हणून दिव्याभोवती फेऱ्यांत सापडतो. हे वाचल्यापासून मी सापळा रोज लावत नाही. हवा उबदार, ढगाळ आणि पडलेली असेल तेव्हा लावते, मग काही रात्री तरी त्यांना त्यांच्या वाटेने जाऊ देते. तुम्हीही एकाच जागी रोज लावू नका, त्यांचं खाणं आणि अंडी घालणं थांबतं. सकाळी लवकर उठा. इथे जुलैत पाचच्या आत उजाडतं, आणि रॉबिन व रेन हे दोन पक्षी सापळ्याची जागा फार लवकर शिकतात. ट्रे झटकायचे नाहीत, दाट झुडपाच्या आत अलगद टेकवून ठेवायचे.

परसात सापळ्याने काय दिलं? भरपूर दिलं. गुलाबी आणि शेवाळी रंगाचा एलिफंट हॉक-मॉथ पहिल्यांदा ट्रेवर बसलेला पाहिला तेव्हा मी कामावर फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. बर्चच्या मोडलेल्या काडीसारखा हुबेहूब बफ-टिप, हार्ट अँड डार्ट, आणि लार्ज यलो अंडरविंग तर इतके की ट्रे उचलला की अंगावर धडकतात. वसंतात रानगुलाबावरच वाढणारे दोन पतंग आले, शोल्डर स्ट्राइप आणि स्ट्रीमर. त्यांच्या अळ्या गुलाबाची पानं खातात आणि ते दोन्ही बऱ्यापैकी सर्वत्र आहेत. पिसारी कुळातले व्हाइट प्लूम आणि कॉमन प्लूम आले. ते बाइंडवीडच्या वेलीवर वाढतात आणि बाइंडवीड आमच्या कुंपणाला पिढ्यान् पिढ्यांचा आहे. रोझ प्लूम आला नाही. उन्हाळा सरला तरी नाही.

इथे काहीजण सापळ्याला दोन तारे देऊन मोकळे होतील. मी देणार नाही, कारण त्यानंतर जे कळलं ते सापळ्याच्या पुस्तिकेत छापलेलं असायला हवं होतं.

आबांना फोनवर सगळं सांगत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो खातो काय?" मी म्हटलं, रानगुलाबाच्या कळ्या. "मग दिवा कशाला लावतेस? कळ्या बघ. तुरीत आम्ही पतंग मोजत बसतो का? झाडाखाली उभं राहायचं, शेंग हातात घ्यायची, भोक कुठं आहे, लेंडी ताजी आहे का, ते बघायचं. अळी सापडली की पतंग आलाच."

तुरीवरच्या पिसारी पतंगाची अळी शेंगेची साल खरवडते, मग भोक पाडते आणि बरंचसं अंग बाहेर ठेवून आतले दाणे खाते. ही रानगुलाबातली तिची बहीण जवळपास तेच करते, कळीला भोक पाडून आतलं कोवळं खाते. मे संपता संपता, कळ्या फुगायला लागल्या की शोधायचं. आबांनी कधी इंग्लंडचा गुलाब पाहिलेला नाही, पण शेतात निरीक्षण कसं करायचं हे त्यांच्याइतकं नीट मला कुठल्याही पतंग-मंडळात कुणी सांगितलं नव्हतं.

कोणता गुलाब, हाही प्रश्न आहे. बागेतल्या दुहेरी पाकळ्यांच्या गुलाबांशी याचा संबंध नाही. सगळ्यांत जास्त दिसतो तो डॉग रोझ: कमानीसारख्या झुकलेल्या फांद्या, आकडेदार काटे, पाच पाकळ्यांची फिकट गुलाबी फुलं, जूनमध्ये. फील्ड रोझची फुलं पांढरी आणि खोडं बारीक. स्वीट ब्रायरचं पान चुरगळलं की सफरचंदाचा वास येतो, हा मी दर वेळी घेते. फांदीवर तांबड्या केसांचा झुबका दिसला तर घाबरू नका आणि त्याला पतंगाचं घरही समजू नका. ती गाठ एका चिमुकल्या गांधिलमाशीमुळे होते, रॉबिन्स पिनकुशन म्हणतात तिला.

मग शेतांच्या कडेची झुडपांची कुंपणं बघत चालायला लागले आणि पतंग दुर्मीळ का, हे थोडंफार डोळ्यांसमोर आलं. डॉग रोझ फुलतो तो आदल्या वर्षीच्या फांदीवर फुटलेल्या आखूड फुटव्यांवर. दर हिवाळ्यात ट्रॅक्टरला लावलेल्या यंत्राने कुंपण चौकोनी कापलं की त्या सगळ्या फांद्या जातात. कुंपण हिरवंगार दिसतं, गुलाब जिवंत असतो, फक्त त्याला कळी येत नाही. ज्या अळीला कळीच हवी तिच्यासाठी ते कुंपण आणि सिमेंटची भिंत सारखीच. इंग्लंडमध्ये २०२४ पासून नियम आहे की शेतजमिनीवरची कुंपणं १ मार्च ते ३१ ऑगस्ट या काळात कापायची नाहीत. तो पक्ष्यांच्या घरट्यांसाठी फार चांगला आहे आणि उन्हाळ्यात कळ्याही वाचवतो. पण हिवाळ्यातली कापणी त्याने थांबत नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा, तुकड्या-तुकड्याने कापलं तर दर वर्षी कुठेतरी जुनं लाकूड आणि त्यावर फुलं राहतात. एकूण चित्रही गंभीर आहे. २०२१ साली बटरफ्लाय कन्झर्वेशन, रॉथमस्टेड रिसर्च आणि यूके सेंटर फॉर इकॉलॉजी अँड हायड्रॉलॉजी यांनी मिळून काढलेल्या अहवालानुसार १९६८ ते २०१७ या पन्नास वर्षांत ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या ३३ टक्क्यांनी घटली, आणि दक्षिणेकडे ही घट उत्तरेपेक्षा जास्त आहे. ही आकडेवारी निघाली तीसुद्धा वर्षानुवर्षं रोज रात्री चालवलेल्या प्रकाश सापळ्यांतूनच. म्हणून मला सापळ्याबद्दल कुणी वाईट बोललं की राग येतो.

नॉर्थ डाउन्स नावाच्या टेकड्यांच्या पांढऱ्या खडूच्या उतारावर एक जुनी वाट आहे, तिच्या एका कडेचं कुंपण शेतकऱ्याने बरीच वर्षं सैल सोडलेलं आहे. जागा मुद्दाम सांगत नाही. तिथे जूनच्या सुरुवातीला भोक पडलेल्या कळ्या सापडल्या, भोकाच्या तोंडाशी ओलसर, ताजी लेंडी, आणि एका कळीत फिकट हिरवी, बारीक केसांची अळी. गुलाबाच्या कळीत दुसऱ्याही बऱ्याच अळ्या असतात, विशेषतः पानं गुंडाळणाऱ्या पतंगांच्या, त्यामुळे तेवढ्यावर नाव लिहिता येत नाही. कळी तोडली नाही, फोटो घेतला. मग शेतकऱ्याला भेटून जुलैत रात्री सापळा लावायची परवानगी मागितली. परवानगी विचारा, नेहमी विचारा. मला तर त्याने फाटकाची किल्लीही दिली.

तिथे प्लग नाही, म्हणून बॅटरीचा हिशेब. २० वॉट भागिले १२ व्होल्ट म्हणजे १.७ अँपिअरच्या आसपास, चोकमधला तोटा धरून २ अँपिअर मोजा. जुलैत दिवा दहा ते साडेचार चालवायचा, म्हणजे साडेसहा तास, तेरा अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं, म्हणून २६ च्या आसपासची घ्यावी लागते, आणि ती उचलून चढावर नेताना खांदा बोलतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली तर १८-२० पुरते आणि वजन निम्म्याहून कमी. जाहिरातीत 'रात्रभर चालणारी' म्हणून दिलेली ७ अँपिअर-तासांची बॅटरी ६ वॉटच्या हीथ सापळ्याला ठीक आहे. ह्या ट्यूबला ती, निम्म्यावर थांबायचं म्हटलं तर, अर्धी रात्रही नेत नाही. ऑर्डर देताना १२ व्होल्टचा चोक वेगळा मागावा लागतो, हेही लक्षात ठेवा, घरच्या २३० व्होल्टचा चोक बॅटरीवर चालत नाही.

रोझ प्लूम आला तो अंधार पडल्यावर लवकरच, आणि खोक्यात उतरला नाही. खोक्याच्या बाहेरच्या पांढऱ्या अंगावर, ट्यूबपासून हातभर खाली, पंख ताणून बसला होता. तांबूस पंख, पांढुरका पट्टा, लांब पायांवर फिके पट्टे. मी जमिनीवर आडवी होऊन फोटो घेतले आणि हात थरथरत होते म्हणून कोपर दगडावर टेकवलं. इतका हलका जीव की माझ्या श्वासाने त्याचे पंख हलत होते. थोड्या वेळाने तो उठून गुलाबाच्या जाळीत गेला, टॉर्चच्या उजेडात पानाच्या कडेला पुन्हा दिसला, मग नाही.

म्हणजे परसात लावून वाट बघण्यात सापळ्याचा दोष नव्हता. असे पतंग आपल्या झुडपापासून लांब जात नसावेत, निदान माझ्या अनुभवात तरी, आणि २० वॉटची ट्यूब काही मैलभरावरून कुणाला बोलावून आणत नाही. दुर्मीळ पतंग हवा असेल तर आधी त्याचं झाड शोधा, त्यावर अळीचा पुरावा शोधा, आणि मग सापळा त्या झाडाच्या पायथ्याशी न्या. बारीक पतंगांसाठी खोक्याखाली आणि मागे एक पांढरी चादर पसरा. विकणाऱ्यांनी ती सोबत द्यायला हवी, कुणी देत नाही. निम्मे बारीक पतंग खोक्याबाहेरच बसतात, गवतावर दिसत नाहीत आणि पायाखाली जातात. चादर अंथरल्यावर पाय जपून टाका.

नोंदीचं सांगायलाच हवं, कारण ती सेवा फुकट आहे आणि उत्तम आहे. आयरेकॉर्ड नावाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर पाहिलेल्या जीवाची नोंद करता येते: काय, कुठे, केव्हा, कुणी. 'कुठे' म्हणजे ग्रिड रेफरन्स, सहा आकडी दिला तर शंभर मीटरच्या चौकोनात जागा बसते. प्रत्येक काउंटीला, म्हणजे इथल्या जिल्ह्याला, पतंगांच्या नोंदी तपासणारी जाणकार व्यक्ती असते, बहुधा विनामोबदला काम करणारी. माझ्या नोंदीवर आमच्या काउंटीच्या नोंदणीदारांनी आणखी एक फोटो मागितला, मागच्या पंखाचा, आणि शेजारी गुलाब कोणता होता हे विचारलं. तो प्रश्न वाचून मला फार बरं वाटलं. मग नोंदीसमोर हिरवी खूण आली. पूर्ण पाच तारे. फक्त ॲपमध्ये मराठी नाही. आई-आबांना दाखवताना मी भाषांतर करत बसते.

सापळ्याला पाचपैकी चार. एक तारा कापला तो फ्यूज, ग्लँड आणि भोकांसाठी. पैसे घेऊन विकलेल्या विजेच्या वस्तूत ह्या गोष्टी गिऱ्हाइकाने दुरुस्त करायच्या नसतात. परस असेल, कुंपण जवळ असेल, सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर घ्या. लहान मुलं घरात असतील तर नक्की घ्या, ट्रे उलटताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. विजेची वायर हाताळायची सवय नसेल तर पहिल्यांदा एखाद्या इलेक्ट्रिशियनला दाखवून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. वजन नको असेल आणि फक्त चादरीवर पाहायचं असेल तर एलईडी घ्या. आणि नुसता रोझ प्लूमच पाहायचा असेल, बाकी काही नको, तर सापळ्याच्या पैशांत चांगली हेडटॉर्च आणि दहा पटींचं हँड लेन्स येईल. जूनमध्ये कळ्या बघा, जुलैत तिन्हीसांजेला त्याच झुडपाशी उभे राहा.

ट्यूबबद्दल शेवटची एक गोष्ट. तिचा अतिनील भाग दिसणाऱ्या उजेडाच्या आधी उतरतो, म्हणजे ट्यूब ठणठणीत पेटलेली दिसते आणि पतंग मात्र कमी होत जातात. म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी ट्यूब बदला, तारीख मार्करने होल्डरवर लिहून ठेवा, आणि जुनी कचऱ्यात न टाकता पालिकेच्या पुनर्वापर केंद्रात द्या. तिच्यातही थोडा पारा असतोच.